विश्लेषण : लडाखचे ‘बर्फाचे स्तूप’ पाणीटंचाईवर उत्तर आहेत का? विद्यापीठांचे संशोधन काय सांगते?

निळ्या आकाशाखाली उभा असलेला बर्फाचा उंच सुळका. लडाखमधील हे छायाचित्र दर हिवाळ्यात समाजमाध्यमांवर फिरते. संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे हिमनद्यांच्या संवर्धनाचे वर्ष आणि २१ मार्च हा जागतिक हिमनदी दिन जाहीर केल्यावर अशा प्रयोगांची चर्चा आणखी वाढली. पण या सुळक्यातून शेताला खरोखर किती उपयोग होतो? भारतीय आणि युरोपीय संशोधकांनी तिथे जाऊन मोजमाप केले, तेव्हा चित्र थोडे वेगळे दिसले.

लडाखची अडचण नेमकी काय?

लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. तिथे वर्षभरात पाऊस आणि बर्फ मिळून जेमतेम १०० मिलिमीटर पडतो. मुंबईत पावसाळ्यात एका दिवसातही इतका पाऊस होतो. त्यामुळे जव, गहू, वाटाणा ही पिके हिमनद्यांतून येणाऱ्या नाल्यांवरच अवलंबून असतात. पेरणी एप्रिल-मेमध्ये करावी लागते, पण हिमनद्या खूप उंचावर असल्याने त्यांचे पाणी जूनच्या सुमारास भरपूर येऊ लागते. उन्हाळा छोटा असल्याने पेरणी लांबली की पीक तयार होण्याआधीच थंडी येते. म्हणजे प्रश्न पाणी किती, एवढाच नाही. ते वेळेवर मिळते का, हाही आहे.

कृत्रिम हिमनदीची कल्पना कोणाची?

स्थापत्य अभियंता चेवांग नॉरफेल यांनी १९८७च्या सुमारास हा प्रयोग सुरू केला. हिवाळ्यात वाया जाणारे नाल्याचे पाणी सावलीतल्या उतारावर वळवायचे, दगडी बांधांनी त्याचा वेग कमी करायचा आणि ते गोठू द्यायचे. वसंतात ते वितळले की पेरणीला पाणी मिळते. २०१५ मध्ये नॉरफेल यांना पद्मश्री मिळाली.

सोनम वांगचुक यांनी २०१३-१४च्या हिवाळ्यात याला उभा आकार दिला. नाल्यातले पाणी वरच्या बाजूने पाइपात घेऊन खाली आणले की दाबामुळे ते पंपाशिवाय कारंज्यासारखे उडते आणि थंडीत गोठून शंकू तयार होतो. पसरट बर्फापेक्षा शंकूवर ऊन कमी पडते, त्यामुळे तो जास्त काळ टिकतो. शिवाय तो गावाजवळ, कमी उंचीवरही उभारता येतो.

मोजमापात काय आढळले?

स्वित्झर्लंडमधील फ्रीबुर्ग विद्यापीठात सूर्यनारायणन बालसुब्रमण्यन आणि सहकाऱ्यांनी लेहजवळील गांगलेस आणि स्वित्झर्लंडमधील गुटानेन येथील स्तूपांची तुलना केली. लडाखचा स्तूप मोठा झाला आणि जास्त टिकला. थंड, कोरडी हवा आणि निरभ्र आकाश यांमुळे पाणी तिथे लवकर गोठते. याचा अर्थ ही पद्धत प्रत्येक डोंगरी भागात तितकीच चालेल, असे नाही.

दुसरा निष्कर्ष शेतकऱ्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. कारंज्यातून उडणाऱ्या पाण्याचा मोठा भाग गोठतच नाही, तो वाहून जातो. थंडी कमी-जास्त झाली तरी कारंजे त्याच वेगाने चालू राहते. ते बंदही करता येत नाही, कारण पाइपातले पाणी गोठून पाइप तुंबतो. मग गावकऱ्यांना कडाक्याच्या थंडीत वर चढून तो मोकळा करावा लागतो. यावर उपाय म्हणून हवामानानुसार प्रवाह आपोआप बदलणारी यंत्रणा तपासण्यात आली. जवळपास एक-दशांश पाण्यात तेवढाच बर्फ तयार झाला.

मग अडचण फक्त तंत्राची आहे का?

नाही. जर्मनीतील हायडेलबर्ग विद्यापीठाचे भूगोलतज्ज्ञ मार्कुस न्युसर आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये लडाखमधील अशा १४ बर्फसाठ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही ठिकाणी वसंतात सिंचनाला चांगला हातभार लागतो, पण दरवर्षी सारखा नाही. हवामानातील चढउतार, नैसर्गिक आपत्ती आणि गावाच्या व्यवस्थेशी न जुळलेले प्रकल्प ही त्याची कारणे.

लडाखच्या गावांत पाणीवाटपाचे जुने नियम आहेत. कोणाच्या शेताला कधी पाणी सोडायचे, हे ‘चुरपोन’ पाहतो. नाल्याचे पाणी वरच्या बाजूला वळवले, तर खालच्या गावाच्या हक्काचा प्रश्न येतो. फ्यांगच्या नाल्यावरील प्रकल्पाबाबत खालच्या भागातील शेतकऱ्यांनी असाच आक्षेप घेतला होता.

पुढे काय?

स्तूप नवे पाणी निर्माण करत नाही. हिवाळ्यातले पाणी तो वसंतापर्यंत साठवून ठेवतो. वर हिमनदीच उरली नाही आणि नाला आटला, तर गोठवायलाही पाणी मिळणार नाही. म्हणूनच हायडेलबर्गच्या अभ्यासकांनी या साठ्यांना हवामान बदलावरचा उपाय म्हणण्याबाबत शंका व्यक्त केली आहे.

तरीही पेरणीच्या त्या काही आठवड्यांसाठी त्याचे मोल मोठे आहे. फक्त त्याचे यश किती उंच सुळका उभा राहिला यावर न मोजता, मे महिन्यात किती शेतांना पाणी पोहोचले आणि त्याच्या वाटपाला खालचे गावही राजी होते का, यावर मोजावे लागेल.