विश्लेषण: शेवाळ घालवायला मोरचूद टाकलं आणि श्रिम्प मेले, असं का होतं?

हिरव्यागार टाकीत फिरणारे लाल, पिवळे, निळे, जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरचे झिंगे तुम्ही रील्समध्ये पाहिले असतील. हे चेरी श्रिम्प. मोठ्या टाकीची गरज नाही, खर्च कमी, म्हणून अनेक जण हौसेनं आणतात. काही आठवड्यांत काचेवर शेवाळ चढतं. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळच्या द्राक्षपट्ट्यात तर त्यावरचा ‘उपाय’ घरातच असतो: मोरचूद. शेततळ्यातलं शेवाळ त्यानं जातं, मग टाकीतलं का जाणार नाही?

जातं. पण शेवाळाच्या आधी श्रिम्प जातात.

मोरचूद म्हणजे नेमकं काय?

मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. त्यात वजनाच्या साधारण २५ टक्के तांबं असतं. द्राक्षावरच्या केवड्यासाठी, म्हणजेच डाऊनीसाठी, चुन्यासोबत त्याचं बोर्डो मिश्रण करतात. १ टक्का मिश्रणासाठी १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद लागतं. बुरशीला आणि शेवाळाला तांबं सोसत नाही, म्हणून ते काम करतं.

आता टाकीचा हिशोब करू. ५० लिटरच्या टाकीत फक्त १ ग्रॅम मोरचूद टाकलं, तर दर लिटरमागे सुमारे ५ मिलिग्रॅम तांबं होतं. भारतीय मानकानुसार माणसाच्या पिण्याच्या पाण्यात तांबं जास्तीत जास्त १.५ मिलिग्रॅम चालतं. म्हणजे ती चिमूटभर पूड या मर्यादेच्या तिपटीपेक्षा जास्त होते. श्रिम्पची सहनशक्ती तर माणसासाठीच्या या मर्यादेच्याही खूप खाली असते.

तांबं श्रिम्पलाच इतकं का बाधतं?

गंमत म्हणजे श्रिम्पच्या रक्तातच तांबं असतं. आपल्या रक्तात ऑक्सिजन वाहून नेण्याचं काम लोहाचं, तर झिंगे-खेकड्यांत ते तांब्याचं. त्यामुळे अगदी सूक्ष्म प्रमाणात त्यांना तांबं लागतंच. प्रमाण वाढलं की मात्र ते कल्ल्यांवर घाव घालतं. श्वास आणि अंगातल्या क्षारांचा तोल, दोन्ही बिघडतात. मासे जे सोसतात ते श्रिम्पना सोसत नाही. माशांच्या काही औषधांतही तांबं असतं, त्यामुळे बाटलीवरचे घटक वाचल्याशिवाय ते टाकू नका. तांब्याच्या कळशीत साठवलेलं पाणीही टाकीत नको.

सातारा आणि सांगलीत फरक पडतो का?

पडतो. पाणी मृदू असेल तर तांब्याचा विषारीपणा वाढतो. महाबळेश्वर, जावळीकडचं डोंगरउतारावरचं पाणी मृदू असतं. सांगलीच्या पूर्वेकडच्या विहिरी-बोअरचं पाणी बहुतेक वेळा जड असतं. म्हणून एकाला ‘काही झालं नाही’ म्हणून दुसऱ्यानं तोच प्रयोग करणं धोक्याचं आहे.

उन्हाळ्याची भर वेगळीच. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. ३० अंशांना तो साडेसातपर्यंत उतरतो. त्यात एकदम मेलेलं शेवाळ कुजायला लागलं, की कुजवणारे जिवाणू उरलेला ऑक्सिजनही संपवतात.

पण श्रिम्प शेवाळ खातात ना?

खातात, पण सगळं नाही. १९८०च्या दशकात जपानचे छायाचित्रकार ताकाशी अमानो यांनी टाकीतलं शेवाळ खाण्यासाठी झिंगे वापरायची पद्धत लोकप्रिय केली. ‘अमानो श्रिम्प’ हे नाव त्यांच्यावरूनच पडलं. चेरी श्रिम्प काचेवरचा, पानावरचा मऊ थर चरतात. पण दाढीसारखं चिवट काळं शेवाळ किंवा वास मारणारा निळा-हिरवा चिकट थर ते संपवू शकत नाहीत. श्रिम्प आणले म्हणजे सफाई कामगार आणले, असं समजू नका.

मग शेवाळाचं करायचं काय?

शेवाळ हे लक्षण आहे. टाकीत उजेड जास्त आणि खत जास्त, एवढंच ते सांगतं. हे खत येतं उरलेल्या खाद्यातून आणि विष्ठेतून. त्यामुळे:

– दिवा दिवसाला ६ ते ८ तासच ठेवा. टाकी खिडकीच्या उन्हात नको.
– खाद्य दोन-तीन तासांत संपेल इतकंच टाका. उरलं तर काढा.
– आठवड्याला १० ते २० टक्के पाणी बदला. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधी घालवा.
– झपाट्यानं वाढणाऱ्या पाणवनस्पती लावा. शेवाळाचं खत त्या खातात.
– काचेवरचं शेवाळ हातानं खरवडा. मागच्या काचेवरचं थोडं राहू द्या, पिल्लांचं ते जेवण आहे.
– देशी बदामाचं वाळलेलं पान टाका. त्यावर धरणारा जिवाणूंचा थर श्रिम्प आवडीनं खातात. पान फवारणी झालेल्या बागेजवळचं नसावं.

याला दोन-तीन आठवडे लागतात. मोरचुदाला एक रात्र लागते. फसवणूक होते ती इथेच.

हा प्रश्न फक्त टाकीपुरता आहे का?

नाही. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ अंकली परिसरात कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला आणि नदीतल्या सांडपाण्याचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. पाण्यात घाण वाढली, ती कुजताना ऑक्सिजन संपला की जीव गुदमरतात. हा नियम ५० लिटरला लागू आहे, तसाच नदीलाही.

दुसरी गोष्ट म्हणजे कंटाळा आला म्हणून टाकीतले जीव नदीत सोडणं. शेवाळ खायला म्हणून विकला जाणारा सकर मासा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. आज तो भीमेवरच्या उजनीत मच्छीमारांची डोकेदुखी आहे. चेरी श्रिम्पही परदेशी, पूर्व आशियातले. जर्मनी आणि पोलंडमध्ये ते टाकीतून बाहेर पडून कोमट पाण्याच्या प्रवाहांत वाढलेले आढळले आहेत. आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांत स्वतःचे छोटे झिंगे आहेत. त्यांच्यात ही भर नको.

नको असलेले श्रिम्प दुसऱ्या हौशी माणसाला द्या. ते जमेपर्यंत दिवा कमी, खाद्य कमी. आणि मोरचूद बागेतच राहू द्या.