दादीच्या तिकिटाचा प्रश्न

स्पेनमध्ये सांतियागोच्या यात्रेचे प्रमाणपत्र हवे तर किमान 100 किलोमीटर चालावे लागते. म्हणून अनेक यात्रेकरू रेल्वेने सारियाला उतरून तिथून पायी निघतात. साठी ओलांडलेल्यांना तिथली सरकारी रेल्वे 6 युरोत वर्षभराचे सवलत कार्ड देते. तिकिटावर 25 ते 40 टक्के सूट मिळते.

आपल्याकडेही साठीनंतर पुरुषांना 40 टक्के, 58 नंतर स्त्रियांना 50 टक्के सवलत होती. मार्च 2020 मध्ये कोरोनाचे कारण देऊन ती थांबवली. गाड्या पूर्ववत धावू लागल्या, सवलत मात्र परतली नाही.

अजमेरला निघालेली दादी आणि पंढरपूरला निघालेली आजी, दोघींच्या कनवटीला मोजकेच पैसे. मित्रांनो, ही मागणी दोघींसाठी मिळून करू या.