तिथे आपलं कोण आहे?



गेल्या महिन्यात आमच्या गटातल्या एका जुन्या कार्यकर्तीची मुलगी घरी आली. हातात दोन पत्रं होती. सार्वजनिक आरोग्य या विषयात पुढे शिकण्यासाठी तिला दोन ठिकाणी प्रवेश मिळाला होता. एक अमेरिकेत ह्यूस्टनला, दुसरा इंग्लंडमध्ये लीड्सला. पत्रं माझ्यापुढे ठेवून ती म्हणाली, "मावशी, तुम्हीच सांगा, कुठे जाऊ?" मी चष्मा लावला, पत्रं वाचली आणि माझ्या तोंडून पहिलाच प्रश्न बाहेर पडला, "तिथे आपलं कोण आहे?"

ती हसली. म्हणाली, "बाबांनीही हेच विचारलं."

त्या रात्री मला काही धड झोप लागली नाही. या मुलीचा मोठा भाऊ सहा वर्षांपूर्वी मेलबर्नला शिकायला गेला. तेव्हाही मी त्यांच्या घरी जात-येत होते. फी किती, नोकरी मिळेल का, कर्ज किती वर्षांत फिटेल, हे सगळे प्रश्न झाले. तिथे आपलं कोण आहे, हे कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. मीही विचारलं नव्हतं. इतकी वर्षं बायकांच्या प्रश्नांवर बोलूनही मुलगी समोर आली की आधी तिची राखण कोण करणार, हेच माझ्या मनात आलं. म्हणून हे संपादकीय आधी स्वतःलाच सुनावण्यासाठी लिहिते आहे.

ह्यूस्टनला तिचे काका राहतात. बाबांचा कौल तिकडे आहे. काकांकडे राहील, भाडं वाचेल, जेवणाची आबाळ होणार नाही. यात खोटं काही नाही. परक्या मुलखात आपल्या माणसाचं घर हा मोठा आधार असतो. पण त्या घरातलं बाळ दीड वर्षाचं आहे आणि काका-काकू दोघंही नोकरी करतात. "मी विद्यार्थिनी म्हणून जाणार की सांभाळायला?" असं तिनेच मला विचारलं. शिवाय ह्यूस्टन हे मोटारींचं शहर. काकांच्या घरापासून विद्यापीठापर्यंत रोज कोण नेणार, कोण आणणार? म्हणजे घराबाहेर पडण्याचं वेळापत्रकही दुसऱ्याच्या हातात.

आणखी एक गोष्ट आहे, जी तिच्या आईने आवाज खाली आणून मला विचारली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २४ जून २०२२ रोजी गर्भपाताचं घटनात्मक संरक्षण काढून घेतलं. त्यानंतर कायदा राज्याराज्यांवर सोडला गेला, आणि टेक्सासमध्ये गर्भपातावर जवळजवळ पूर्ण बंदी आहे. बलात्कारातून राहिलेल्या गर्भासाठीही तिथे सूट नाही. आपल्याकडे १९७१ पासून गर्भपाताचा कायदा आहे, २०२१ मध्ये तो सुधारला गेला, आणि अविवाहित बाईलाही चोवीस आठवड्यांपर्यंतची तरतूद लागू आहे, असं आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी सांगितलं. म्हणजे सांगली-मिरजेहून ह्यूस्टनला जाणारी मुलगी विमानात बसताना एक हक्क मागे ठेवून जाते. त्याच अमेरिकेत इलिनॉय किंवा मॅसॅच्युसेट्समध्ये चित्र वेगळं आहे. "आमच्या मुलीला याची काय गरज?" असं म्हणून हा विषय झटकू नका. गरज कुणावर सांगून येत नाही.

शहर निवडणं म्हणजे तिथला कायदा निवडणं, हे दलित मुलींना तर अधिकच लागू आहे. परदेशात गेलं की जात मागे राहते, असा आपला समज असतो. आपलीच माणसं ती बरोबर घेऊन जातात. ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ मध्ये जातीवरून होणारा भेदभाव आपल्या नियमांत स्पष्टपणे निषिद्ध ठरवला. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने २०२२ मध्ये तेच केलं. सिएटलच्या नगर परिषदेने फेब्रुवारी २०२३ मध्ये तसा ठराव केला, आणि असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं शहर ठरलं. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने केलेला कायदा मात्र ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यपालांनी अडवला. वसतिगृहात खोलीतली सोबतीण आडनाव विचारून गप्प झाली, तर तक्रार कुठे करायची, हे जाण्याआधीच माहीत असावं.

आता लीड्स. तिथे तिचं कुणीच नाही. पण अभ्यासक्रम एका वर्षाचा आहे, ह्यूस्टनचा दोन वर्षांचा. लंडनबाहेर राहणार असेल तर व्हिसासाठी बँकेत दाखवायची रक्कमही कमी लागते. शिकत असताना आठवड्याला वीस तास काम करता येतं. आरोग्यसेवेसाठी विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पौंड आधीच भरावे लागतात. ते हिशेबात धरा, एजंट बहुधा हा आकडा शेवटी सांगतो. शिक्षण संपल्यावर काम शोधण्यासाठी दोन वर्षं मिळत होती. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना ती अठरा महिनेच मिळतील. आणि जानेवारी २०२४ पासून तिथे शिकवणीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला जाणाऱ्यांना नवरा वा मूल बरोबर नेता येत नाही. संशोधनाच्या पदवीला ही अडचण नाही. लेकुरवाळ्या मैत्रिणींनी हा नियम आधी वाचावा.

जर्मनीचं नाव हल्ली गावोगावी घेतात. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही, हे खरं. पण वर्षाच्या खर्चासाठी ११,९०४ युरो वेगळ्या खात्यात आधी ठेवावे लागतात, अशी अट सप्टेंबर २०२४ पासून आहे. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात परदेशी विद्यार्थ्यांना सहामाहीला १,५०० युरो फी आहे, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ च्या हिवाळ्यापासून फी सुरू केली. "फुकट" हा शब्द ऐकला की कुठल्या शहरात, हे विचारा.

एक पर्याय मुलीच्या मावशीने सुचवला, "लग्न करून जा, नवरा तिकडचा बघू." मैत्रिणींनो, अमेरिकेत विद्यार्थ्याची बायको म्हणून जो व्हिसा मिळतो, त्यावर नोकरी करता येत नाही आणि पूर्णवेळ पदवीचं शिक्षणही घेता येत नाही. शिकायला निघालेली मुलगी अशी गेली, तर पैशापैशासाठी नवऱ्याकडे बघत बसेल.

आपल्या आधीच्या बायकांनी ही निवड कशी केली? आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये निघण्यापूर्वी श्रीरामपूरला भर सभेत उभ्या राहिल्या आणि आपण अमेरिकेला का जातो, ते त्यांनी स्वतः सांगितलं. फिलाडेल्फियाला बायकांचं वैद्यकीय महाविद्यालय होतं, म्हणून फिलाडेल्फिया. न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाई त्यांचा आधार झाल्या, पण त्या नात्याच्या नव्हत्या, पत्रांतून जोडलेल्या होत्या. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी डेक्कन कॉलेजातून पहिल्या आल्या. इंग्लंडची शिष्यवृत्ती त्यांना बाई म्हणून नाकारली गेली. लोकांनी वर्गणी काढली तेव्हा त्या ऑक्सफर्डला गेल्या. १८९२ मध्ये कायद्याची परीक्षा त्यांनी दिली, पण ऑक्सफर्ड बायकांना पदवीच देत नव्हतं. ती हातात पडायला १९२२ साल उजाडलं. विद्यापीठाचं नाव मोठं असलं तरी तिथे आपल्याला काय मिळणार, हे वेगळं विचारावं लागतं.

पैशांचंही तसंच. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, केंद्राचीही आहे, आणि दोन्हींत तीस टक्के जागा मुलींसाठी आहेत. पण केंद्राने २०२२ च्या नियमांत भारतीय संस्कृती, इतिहास आणि समाज या विषयांवरचं संशोधन वगळलं. म्हणजे आपल्याच समाजाचा अभ्यास बाहेर जाऊन करू इच्छिणाऱ्या मुलीला ते दार बंद झालं. अर्ज करण्याआधी त्या वर्षीचे नियम वाचा आणि अन्याय्य वाटले तर लिहून कळवा.

आता मूळ गोष्टीकडे येते. आमच्या या मुलीला शिष्यवृत्ती लागू नाही, कर्जच काढावं लागणार. बँकेला तारण हवं. तारण म्हणजे आजोबांपासून आलेलं घर. बाबा तयार आहेत. पण भावाने फोनवर सांगितलं, "घर तारण ठेवा, मात्र तिने आधी हक्कसोडपत्रावर सही करावी. शिक्षणात तिचा वाटा आलाच की." मेलबर्नच्या कर्जासाठी हेच घर तारण होतं. तेव्हा त्याच्याकडे असा कागद कुणी मागितला नव्हता. कर्ज तो फेडत होता, तसं हीही फेडणार आहे. तारण म्हणजे देणगी नव्हे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलासारखाच हक्क दिला, आणि तो जन्मापासूनचा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. तो हक्क एका वर्षाच्या शिक्षणासाठी गहाण पडतो आहे, आणि तोही गोड बोलून.

मी बाबांना भेटले. ते वाईट गृहस्थ नाहीत. म्हणाले, "ताई, भावा-बहिणीत वाकडं नको म्हणून." मी म्हटलं, "भाऊ, वाकडं कोण करतंय?" ते बराच वेळ गप्प होते. तिची आई आतून बाहेर आली. इतक्या वर्षांत ती या विषयावर नवऱ्यासमोर पहिल्यांदाच बोलली, "ती सही करणार नाही. मी माझ्या बहिणीकडून वेळेवर घेतली असती तर बरं, असं आयुष्यभर म्हणतेय, तशी तिच्यावर वेळ नको. मीही माहेरी सही केली होती."

अंक छापायला जाईपर्यंत कागद तसाच टेबलावर आहे. सही झालेली नाही. मुलीने लीड्स ठरवलं आहे, आणि तिने कारणं वहीत लिहून बाबांपुढे ठेवली: अभ्यासक्रम, मुदत, खर्च, रात्रीची बस, तिथले कायदे. काकांचं घर तिने त्या यादीत घेतलं होतं. त्याच्यासमोर लिहिलं होतं, "सुट्टीत जाईन."

तुमच्या घरात असा निर्णय चालू असेल तर आम्हाला लिहा. ज्या शिकून आल्या किंवा तिकडेच राहिल्या, त्यांनी आपापल्या शहराबद्दल लिहावं: भाडं किती, रात्री एकटीने फिरता येतं का, आजारी पडल्यावर काय केलं, तक्रार कोणी ऐकली. पुढच्या अंकात आपण ही पत्रं छापू. आणि घरात मुलगी असं पत्र घेऊन आली, तर पहिला प्रश्न काय विचारायचा, हे आधीच ठरवून ठेवा. मी चुकले होते.

तुमची,
संपादक