०.७१ म्हणजे ७१ टक्के चुका नव्हेत

मागच्या महिन्यात आमच्या विभागाच्या बैठकीत एका विद्यार्थ्याने आपलं क्लासिफिकेशन ट्री पडद्यावर दाखवलं. खाली क्रॉस-व्हॅलिडेशन एरर होती ०.७१. मागून कुणीतरी म्हणालं, "शंभरात एकाहत्तर चुका? त्यापेक्षा नाणं उडवायचं!" सगळे हसले. बिचाऱ्याने खर्चाचा तक्ता काढून टाकला आणि पुढच्या आठवड्यात "अचूकता ७५ टक्के" असं नवं ट्री आणलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी दोन्ही वेळा गप्प बसलो, त्याची भरपाई आज इथे करतोय. त्या तक्त्याच्या हिशेबाने पहिलं ट्री कामाचं होतं आणि दुसरं घातक.

डेटा होता 'जर्मन क्रेडिट', आमच्या क्षेत्रात उगाळून उगाळून झिजलेला. १००० कर्जदार, त्यांतले ७०० चांगले, ३०० बुडवे. सोबत खर्च दिलेला आहे: बुडव्याला कर्ज दिलं तर ५, चांगल्याला नाकारलं तर १.

आता एकही प्रश्न न विचारता सगळ्यांना एकच उत्तर द्यायचं ठरवा. सगळ्यांना कर्ज दिलं तर खर्च ३०० × ५ = १५००. कुणालाच दिलं नाही तर ७०० × १ = ७००. म्हणजे ट्रीच्या मुळाशी उत्तर येतं "कुणालाच नको", आणि खर्च ७००. 'आर'मधलं 'आरपार्ट' पॅकेज याच ७०० ला १ धरतं आणि पुढचं सगळं त्याच्या प्रमाणात छापतं. तेव्हा ०.७१ ही चुकांची टक्केवारी नाहीच. डोळे मिटून सगळ्यांना नकार दिला असता तर जो खर्च आला असता, त्याच्या ७१ टक्के खर्च, एवढाच त्याचा अर्थ. आणि हा खर्च ट्रीने आधी न पाहिलेल्या माणसांवर मोजलेला: डेटाचे दहा भाग करायचे, नऊ भागांवर ट्री वाढवायचं, उरलेल्यावर तपासायचं, असं दहा वेळा.

दोन्ही ट्री शेजारी ठेवू, आकडे थोडे गोल करून. पहिल्याने ४० बुडव्यांना कर्ज दिलं आणि ३०० चांगल्यांना नाकारलं. चुका ३४०, खर्च २०० + ३०० = ५००. दुसऱ्याने २०० बुडव्यांना कर्ज दिलं आणि ५० चांगल्यांना नाकारलं. चुका फक्त २५०, पण खर्च १००० + ५० = १०५०. ७०० ने भागा: १.५. ७५ टक्के अचूकतेचं हे ट्री बँकेला कुलूप लावून घरी बसण्यापेक्षाही महाग पडतं, आणि आम्ही त्यालाच शाबासकी दिली.

यावर एक ठरलेला आक्षेप येतो: "५ आणि १ हे आकडे कुणी ठरवले? खरा खर्च कुणालाच ठाऊक नसतो, मग तो घालायचाच कशाला?" अहो, तक्ता काढला म्हणून खर्च नाहीसा होत नाही. तुम्ही फक्त १ आणि १ लिहिलंत, तेही कुणाला न सांगता. ५ वर निदान भांडता येतं.

पण पहिल्या ट्रीचीही आरती नको. या डेटात बुडवे मुद्दाम जास्त घेतलेले आहेत. बँकेच्या दारात रोज येणाऱ्यांत ते इतके नसतात. समजा, हजारात ५० च बुडवे आहेत. मग सगळ्यांना कर्ज देण्याचा खर्च २५० च. आपलं ट्री त्याच प्रमाणात चुकलं तर साधारण ७ बुडवे सुटतील आणि ९५० पैकी सुमारे ४०७ चांगले नाकारले जातील: ३५ + ४०७ = ४४२. म्हणजे काहीच न करण्याच्या पावणेदोन पट! तेच ट्री आणि तोच तक्ता, पण लोकांचं प्रमाण बदललं आणि निकाल उलटला. क्रॉस-व्हॅलिडेशन हे पकडू शकत नाही, कारण तिचे दहाही भाग त्याच हजारांतून कापलेले असतात.

हे गणित माझ्या एकट्याच्या डोकेदुखीचं नाही. या डेटात एक रकाना 'परदेशी कामगार' असा आहे. तो वाचताना मला दरवेळी माझं इथलं पहिलं वर्ष आठवतं. पगार होता, कर्ज नव्हतं, तरी साधा फोनचा करार नाकारला गेला, कारण माझ्या नावावर मागचं काहीच नव्हतं. तुमच्यापैकी अनेकांनी असा नकार पचवला असेल. तक्त्यातला तो '१' म्हणजे आपण, आणि तो स्वस्त आहे हे ठरवताना आपल्याला कुणी विचारलेलं नव्हतं.

आणि आता आपल्यातलेच कितीतरी जण बँकांत, विमा कंपन्यांत, इस्पितळांत अशी ट्री वाढवतात. त्यांना माझं सांगणं आहे: एकटा आकडा दाखवू नका आणि समोरच्याने दाखवला तर मान डोलवू नका. खर्चाचा तक्ता मागा. १ म्हणजे काय धरलंय ते विचारा. लोकांचं प्रमाण खरं आहे की जुळवलेलं, ते विचारा. आणि दोन्ही प्रकारच्या चुका वेगवेगळ्या मोजून समोर ठेवायला लावा.

पुढच्या बैठकीत कुणी हसलं तर मी गप्प बसणार नाही. तुम्हीही बसू नका.