मालगुजारी तलाव आणि बदलते पर्जन्यमान

चांदा व गडचिरोली जिल्ह्यांतील धान पिकविणाऱ्या कास्तकारांची तक्रार आज केवळ पाऊस किती पडतो ह्याची नाही, तो कसा पडतो ह्याची आहे. येतो तो झोडपून येतो. आणि पऱ्हे रोवणीस आले की तोंड दाखवीत नाही. उष्ण हवेत बाष्प अधिक मावते, म्हणून वातावरण तापेल तसतशा मोठ्या सरी वाढतील, असे शास्त्रज्ञ सांगतात. ऑगस्ट २०२० मधील वैनगंगेचा पूर ब्रह्मपुरी-वडसाकडील मंडळी विसरली नसतील.

ह्यावरील उपाय पूर्वजांनी करूनच ठेविला आहे. गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी कास्तकारांनी गावोगाव तलाव बांधिले. आलेले पाणी अडवावे, अधिक झाले ते सांडव्याने जाऊ द्यावे, आणि उघाडीच्या दिवसांत तुडुमातून बांध्यांस द्यावे, एवढेच त्यांचे काम. १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि पाळीच्या डागडुजीस घरटी माणूस देण्याची रीत मोडली. मालगुजारीबद्दल आम्हांस मुळीच हळहळ नाही. रीतीबद्दल मात्र आहे.

गोसीखुर्दची पायाभरणी १९८८ साली झाली. तिचे कालवे आले की तलाव हवेत कशाला, असे काही बंधू विचारतात. परंतु जंगलाच्या पोटातील प्रत्येक गावास कालवा पोचावा अशी ह्या भूमीची घडणच नाही.

आता थोडे कटू बोलणे प्राप्त आहे. तलावाच्या पोटात उन्हाळ्यात नांगर घालणारे कोण? बाहेरचे नव्हेत, आपल्यांतीलच जमीनवाले. बुडित जमिनीत एक बांधी वाढवावयाची आणि ती बुडू नये म्हणून सांडवा फोडावयाचा, मग भादव्यात पाळीखालच्या शेजाऱ्याचे धान लोंबीवर असता वाळते. हे अतिक्रमण ज्याने केले त्याने आपण होऊन सोडावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

गाळही जपून काढावा. यंत्राने खोल खड्डे केल्यास तळाची चिकण माती फुटून पाणी मुरते. भंडारा-गोंदियाकडे ढिवर स्त्रियांनी बेशरम उपटून देशी पाणवनस्पती लाविल्या, मासळीही वाढविली. तो प्रयोग पाहून येण्याजोगा आहे. पाटाच्या शेवटच्या बांध्यांत भारी धानाचा हट्ट न धरता हलके धान घ्यावे. आणि मृगापूर्वी ग्रामसभेने तलाठ्याकडील नकाशावरून बुडिताची हद्द मोजून दगड रोवावेत.