डुलकी आणि दोष

वर्गात डुलकी घेणाऱ्या मुलास ‘कुंभकर्ण’ म्हणून हिणवणे सोपे असते. परंतु ते न्याय्य नव्हे. निद्रा म्हणजे केवळ निष्क्रियता, या समजुतीला १९५३ साली शिकागो विद्यापीठातील ॲसेरिन्स्की व क्लाइटमन यांनी तडा दिला. निद्रिताचे डोळे मिटल्या पापण्यांआड मधूनमधून वेगाने फिरतात आणि बहुधा त्याच वेळी त्यास स्वप्ने पडतात, असे त्यांना आढळले. हलकी झोप, गाढ झोप व स्वप्ननिद्रा यांचे सुमारे ९० मिनिटांचे चक्र रात्रभर फिरत राहते. घोरताना ज्याचा श्वास वारंवार अडतो, त्याचे हे चक्र पुनःपुन्हा मोडते. रात्रभर अंथरुणात पडूनही त्याला विश्रांती लाभत नाही. अशा मुलाला शिक्षा नको, उपचार हवेत. म्हणून बोल लावण्यापूर्वी त्याची रात्र कशी गेली, हे शिक्षकांनी व पालकांनी विचारावे.