पिसदुऱ्याचे गवत, लंडनची कपाटे

ठगांचा बंदोबस्त करणारा अधिकारी म्हणून विल्यम स्लीमनचे नाव इतिहासात राहिले. याच स्लीमनला 1828 मध्ये जबलपूरच्या बडा सिमला टेकडीपाशी दगड झालेली हाडे मिळाली. ‘डायनोसॉर’ हा शब्द रिचर्ड ओवेन यांनी घडवला तो 1842 मध्ये. त्यामुळे स्लीमनच्या हाती काय लागले आहे, हे सांगू शकेल असा माणूस तेव्हा जगात कुठेच नव्हता. हाडे कलकत्त्याला जेम्स प्रिन्सेप यांच्याकडे गेली आणि पुढे सरकारी संग्रहात जमा झाली. 1877 मध्ये रिचर्ड लायडेकर यांनी शेपटीच्या मणक्यांवरून या प्राण्याला टायटॅनोसॉरस इंडिकस असे नाव दिले. भारतात नाव मिळालेला हा पहिला डायनोसॉर. आणि मग तो हरवला. ना समुद्रापार गेला, ना चोरीला. कोलकात्यातच कुठेतरी पडून राहिला आणि कोणाला सापडेना. 2012 मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या तिथल्या संग्रहात धनंजय मोहबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो पुन्हा गवसला.

मधल्या काळात जगभरच्या अभ्यासकांना लायडेकरांनी छापलेल्या चित्रांवर आणि साच्यातून काढलेल्या प्रतिकृतींवर भागवावे लागले. या मणक्याची खूण म्हणजे तो पुढून खोलगट आणि मागून फुगीर. 1877 मध्ये ही एकाच प्राण्याची ओळख वाटली. पुढे अर्जेंटिना, मादागास्कर, युरोप इथेही असे मणके निघत गेले, तसे लक्षात आले की ही खूण एका प्राण्याची नसून एका मोठ्या कुळाची आहे. 2003 मध्ये जेफ्री विल्सन आणि पॉल अपचर्च यांनी या नावाची फेरतपासणी केली आणि एवढ्या पुराव्यावर ही स्वतंत्र जाती मानता येत नाही, असा निष्कर्ष काढला. नाव डळमळले, पण कुळाला दिलेले टायटॅनोसॉर हे नाव टिकले. उत्क्रांतीचा अभ्यास असाच पुढे जातो. एकट्या हाडावरून फार थोडे कळते; दुसऱ्या खंडातले हाड शेजारी ठेवले की नाते दिसू लागते.

शेजारी ठेवण्याची ही सोय दीड-दोन शतके फक्त बोटीचे किंवा विमानाचे तिकीट परवडणाऱ्यांना होती. आता ती बरीच खुली झाली आहे. बर्कलीच्या पुराजीव संग्रहालयाने 1990 च्या दशकाच्या सुरुवातीलाच आपले दालन इंटरनेटवर आणले आणि पुढे उत्क्रांती शिकवणारे संकेतस्थळ उभे केले. स्मिथसोनियनने फेब्रुवारी 2020 मध्ये 28 लाख चित्रे आणि त्रिमितीय प्रतिरूपे कोणालाही वापरायला मोकळी केली. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये सुमारे 8 कोटी नमुने आहेत. त्यांतल्या काही भागाच्याच नोंदी आज ऑनलाइन आहेत, तरी त्यांची संख्या लाखांत जाते.

मराठी वाचकाने हे परक्यांचे वैभव म्हणून पाहू नये, कारण त्यात आपली जमीन आहे. मुंबईत वरळीच्या खडकांत सापडलेल्या इवल्या बेडकांचे वर्णन ओवेन यांनी 1847 मध्ये केले. नागपुरात 1845 मध्ये आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह विदर्भभर खडक तपासत फिरले. चंद्रपूरकडच्या मांगलीच्या उभयचराच्या कवटीला ओवेन यांनीच 1855 मध्ये ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स हे नाव दिले. डार्विनचा ग्रंथ 1859 चा. म्हणजे त्याच्या आधीच आपल्या मातीतले जीव लंडनमध्ये नाव घेऊन बसले होते, आणि नाव देणारे ओवेन पुढे डार्विनच्या सिद्धांताचे कडवे विरोधक ठरले. हिस्लॉप 1863 मध्ये बुडून वारले. त्यांच्या नावाचे कॉलेज नागपुरात आजही आहे. वाट दाखवणाऱ्या, दगड फोडणाऱ्या गावकऱ्यांची नावे मात्र अशा संग्रहांच्या नोंदवहीत सहसा येत नाहीत. जुनी वही जशीच्या तशी संगणकात उतरवली की ही उणीवही तिच्याबरोबर उतरते. ती भरून काढणे हे आजच्या संग्रहालयांचे कर्तव्य आहे.

वरोऱ्याजवळचे पिसदुरा हे गाव या साऱ्या कथेत मला सर्वांत मोलाचे वाटते. इथे टायटॅनोसॉरची हाडे मिळतात आणि त्यांच्याबरोबर ढिगाने विष्ठेचे जीवाश्म. चार्ल्स मॅटली यांनी 1939 मध्ये त्यांच्यावर लिहिले. 2005 मध्ये वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांनी या विष्ठाश्मांत गवताच्या पेशींत तयार होणारे सिलिकाचे सूक्ष्म कण दाखवून दिले. डायनोसॉरांच्या काळात गवत जवळपास नव्हतेच, ही तोवरची समजूत त्या कणांनी मोडली. दख्खनचा लाव्हा वाहत होता त्या सुमारास, सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी, विदर्भात गवत उगवत होते आणि अजस्र प्राणी ते खात होते. भात आणि बांबू ज्या कुळातले, त्या कुळाची मुळे किती जुनी, हे चंद्रपूर जिल्ह्यातल्या शेतांतून निघालेल्या दगडांनी सांगितले.

हे कण कोणत्याही छायाचित्रात दिसले नसते. 1939 मध्ये जो प्रश्न कोणाच्या मनातही नव्हता, त्याचे उत्तर मूळ दगडात शाबूत होते. म्हणून ऑनलाइन प्रतिमा आली की मूळ नमुना अडगळीत टाकायला हरकत नाही, असे मानणे घातक आहे. उलट बाजूही तितकीच खरी: कोलकात्यातल्या त्या मणक्याची छायाचित्रासह सार्वजनिक नोंद असती, तर तो इतकी वर्षे बेपत्ता राहिला नसता. मॅटली यांनी जबलपूरहून काढलेल्या हाडांपैकीही काही भारतात नंतर शोधूनही मिळालेली नाहीत.

2023 मध्ये केंद्रीय अभ्यासक्रमाच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला आणि देशभरच्या वैज्ञानिकांनी त्याचा निषेध केला, तो योग्यच होता. आपल्या बालभारतीच्या दहावीच्या विज्ञानात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हे प्रकरण आहे. ते शिकवताना वरळीचा बेडूक आणि पिसदुऱ्याचे गवत पडद्यावर दाखवता आले पाहिजे, मराठीतल्या माहितीसह. आज परदेशी संग्रहालयांची पाने इंग्रजीत आहेत आणि आपल्या बऱ्याच संस्थांची कपाटे बंद आहेत. सुरुवात एका गावापासून करता येईल. लंडन, कोलकाता आणि भारतीय विद्यापीठांत विखुरलेले पिसदुऱ्याचे नमुने एका खुल्या यादीत आणावेत. कोणता नमुना कुठे आहे, कधी आणि कोणी उचलला, हे नोंदवावे आणि जो सापडत नाही त्यापुढे ‘गहाळ’ असे स्पष्ट लिहावे. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मध्य विभागाचे कार्यालय नागपुरातच आहे. हे काम त्यांनी विद्यापीठाला सोबत घेऊन हाती घ्यावे, आणि राज्य सरकारने त्याचा खर्च उचलावा.